सातव्या भागाचं उत्तर

मला भीतीचे सिनेमे आवडत नाहीत. पडद्यावर दार करकरायला लागलं की मी उठून पाणी प्यायला जाते. तरीही अशाच एका सिनेमाचे सातच्या सात भाग मी पाहिलेत, आणि सातवा पाहून आल्याला आता चार महिने होत आले तरी तो डोक्यातून जात नाही. सिनेमा वाईट होता, हे एक झालं. पण नुसता वाईट सिनेमा कुणी चार महिने मनात ठेवत नाही.

पहिला भाग पाहिला तेव्हा मी दहा वर्षांची होते. डहाणूच्या किनाऱ्याकडे आमची चिकूची वाडी आहे. दिवाळीच्या सुट्टीत दादाने डहाणू रोडच्या एका दुकानातून व्हीसीआर भाड्याने आणला, सोबत तीन कॅसेटी. दोन हिंदी, घरातल्या सगळ्यांसाठी. तिसरी इंग्रजी, तिच्यावर नावाचा कागदही चिकटवलेला नव्हता. दुपारी मोठी माणसं आडवी झाली तेव्हा दादाने खिडक्या लावल्या आणि ती कॅसेट आत सारली.

इंग्रजी आम्हाला दोघांनाही धड कळत नव्हतं, पण गोष्ट कळली. दूरच्या कुठल्याशा चंद्रावर मिठाची खाण असते. अकरा माणसं तिथे कामाला असतात, त्यांत एक वायरमनचं काम करणारी बाई. खाणीत जमिनीखालून ठोकल्यासारखा आवाज यायला लागतो आणि एकेक माणूस नाहीसा होत जातो. खाली कसलंतरी जनावर आहे, पण ते शेवटपर्यंत दिसत नाही. खाणीतल्या माणसांची आपसांत एक खूण असते. तीनदा ठोकायचं, थांबायचं, पुन्हा तीनदा. म्हणजे, मी इथे आहे. मधे केव्हातरी ते जनावरही ही खूण शिकतं. शेवटी ती बाई आणि तिचा एक सोबती, एवढीच दोघं उरतात. तो मागे राहतो, ती वर येऊन लोखंडी दार लावून घेते. आणि मग दाराच्या पलीकडून आवाज येतो. तीनदा, थांबून पुन्हा तीनदा. ती कडीकडे हात नेते, आणि सिनेमा संपतो.

"कोण होतं ते?" मी दादाला विचारलं.

"कोण म्हणजे?"

"ठोकत होतं ते. माणूस की जनावर?"

दादाने कॅसेट मागे नेऊन शेवट पुन्हा लावला. मग आणखी एकदा. "नाही सांगितलं त्यांनी," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात सिनेमावाल्यांबद्दल कौतुक होतं. मला रडू येत होतं. ते त्याला दिसू नये म्हणून मी खिडक्या उघडायला उठले.

पुढचे भाग येत गेले. दुसऱ्यात सैनिक आले, बंदुका आल्या आणि जनावर दिसलं. तिसऱ्यात ते पृथ्वीवर आलं. दादाने तिथेच सोडून दिलं, "पहिला होता तेवढा पुरे" म्हणाला. मी मात्र एकही भाग सोडला नाही. कधी थिएटरात, कधी सीडीवर, नंतर फोनवर. दर वेळी वाटायचं, पहिल्यासारखं काहीतरी यात निघेल. चौथा आणि पाचवा तर बघवत नव्हते. सहाव्यात ती वायरमन बाईच नव्हती, कारण तिचं काम करणारी नटी तोवर वारली होती. तरी एक गोष्ट होती. दारापलीकडे कोण होतं, हे सहाही भागांत कुणी सांगितलं नव्हतं. निदान तेवढी समज त्यांनी राखली होती, असं मी लोकांना सांगायचे.

तलासरी तालुक्यातल्या एका निवासी शाळेत मी विज्ञान शिकवते. रोज डहाणूहून एसटीने जाते, एसटीने येते. भूकंपाचे धक्के सुरू झाले त्या हिवाळ्यात आमची सगळी शाळा पटांगणात आली. एकेक धक्का म्हटला तर लहान असायचा, पण आधी जमिनीतून सुरुंग उडाल्यासारखा आवाज यायचा आणि मग पत्रे, खिडक्या, स्वयंपाकघरातली भांडी, सगळं एकदम बोलायला लागायचं. दिवसातून कधी एकदा, कधी चारदा. भिंतींना भेगा गेल्या तेव्हा मुलांना वर्गात बसवायचं नाही असं ठरलं आणि ताडपत्रीखाली वर्ग भरायला लागले. पाड्यांवरही लोक घराबाहेर तंबूत राहत होते. मी विज्ञानाची बाई, म्हणून सगळे मलाच विचारायचे, "बाई, परत कधी येणार?" आणि मला सांगता यायचं नाही.

आठवीच्या मुलींचं लक्ष फळ्याकडे नसायचं, पायाखाली असायचं. लांबून एखादा ट्रक खडखडत गेला तरी त्या उठून उभ्या राहायच्या. शेवटच्या तासाला काही शिकवणं अशक्य झालं, तेव्हा एके दिवशी मी त्यांना विचारलं, "गोष्ट सांगू?" आणि का कोण जाणे, मला दुसरी कुठली गोष्ट सुचलीच नाही. मी त्यांना त्या मिठाच्या खाणीची गोष्ट सांगायला लागले.

घाबरलेल्या मुलींना भीतीची गोष्ट सांगणं शहाणपणाचं होतं का, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. कारण गोष्ट चालली. मुली सरकून जवळ बसायच्या, एकमेकींचे हात धरायच्या, आणि मी थांबले की "पुढे, बाई, पुढे" म्हणायच्या. गोष्टीतली भीती माझ्या हातात होती. कधी वाढवायची, कधी थांबवायची, ते मी ठरवत होते. जमिनीतल्या भीतीबद्दल मला तसं काहीच करता येत नव्हतं. खरं सांगायचं तर त्या तासाची वाट मुलींपेक्षा मीच जास्त बघायचे. पाच दिवस मी ती गोष्ट पुरवली.

तिसऱ्या दिवशी एक मुलगी घरून परत आली. रविवारी ती आपल्या पाड्यावर गेलेली असताना धक्का बसून त्यांच्या घराची नवी विटांची खोली ढासळली होती आणि तिच्या काकीचा पाय भिंतीखाली सापडला होता. काकीला आधी कासा गावच्या दवाखान्यात आणि तिथून पुढे वलसाडला नेलं होतं. मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन हे सांगितलं आणि म्हणाले, "जरा लक्ष ठेवा तिच्यावर." मला वाटलं, गोष्टीत तिचं मन रमेल. मी तिला पहिल्या रांगेत बसवलं.

पाचव्या दिवशी मी शेवट सांगितला. तीन ठोके मी टेबलावर खरोखर ठोकून दाखवले. थांबले. पुन्हा तीन ठोकले. मग म्हणाले, "तिने कडीकडे हात नेला. आणि संपली गोष्ट."

मुली ओरडल्या, हसल्या. ती मुलगी उभी राहिली.

"बाई, तो माणूसच होता ना?"

"कुणालाच माहीत नाही."

"तिला माहीत असेल. त्याच्याबरोबर रोज काम करायची ती."

"तिलाही नाही कळलं. अगं, तीच तर मजा आहे."

मजा हा शब्द मी वापरला. तिने मान हलवली, पण खाली बसली नाही. "दुसऱ्या भागात सांगितलं का?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. "तिसऱ्या?" असं करत तिने सहाही भागांचं विचारलं आणि मी सहा वेळा नाही म्हटलं. बाकीच्या मुली हसत होत्या. मीही हसत होते. मग घंटा झाली.

ती दहावी झाली, बारावी झाली, आणि उंबरगावकडच्या एका कारखान्यात औषधांची खोकी भरायच्या कामाला लागली. रोज माणसं भरून नेणाऱ्या वडाप जीपने जायची, संध्याकाळी घरी यायची. दर शिक्षक दिनाला तिचा मेसेज यायचा, आणि त्यात शुभेच्छांच्या खाली एक ओळ ठरलेली, "पुढचा भाग आला का?" आमच्या दोघींमधला हा विनोद आहे असं मी समजत होते. मला त्याचं अप्रूप होतं. इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थिनीने मला अणूच्या रचनेबद्दल मेसेज केला नव्हता.

मग या वर्षी एके दिवशी तिनेच जाहिरातीचा व्हिडिओ पाठवला. सातवा भाग. त्यात काळ्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत विचारलं होतं, दाराच्या पलीकडे कोण होतं? खाली तिने लिहिलं होतं, "बाई, जायचं?"

आम्ही एका रविवारी वापीला गेलो. दुपारचा खेळ होता. ती तलासरी नाक्यावर अर्धा तास उशिरा आली. "काकीला आंघोळ घालून निघाले," म्हणाली. काकीचा पाय वाचला होता, पण सरळ झाला नव्हता. न्हाणीपर्यंत तिला धरून न्यावं लागतं आणि ते काम हीच करते, हे मला त्या दिवशी कळलं. जीपमध्ये ती फोनवर तीच जाहिरात पुन्हा पुन्हा बघत होती. थिएटरात शिरताना तिने माझा हात घट्ट धरला. एकवीस वर्षांची मुलगी, आणि सिनेमा सुरू होईपर्यंत तिने तो सोडला नाही.

सिनेमा हिंदीत डब केलेला होता. पहिल्या दहा मिनिटांतच माझ्या लक्षात आलं की हे सगळं मी पाहिलेलं आहे. तीच खाण, फक्त चंद्र दुसरा. तशीच अकरा माणसं, सगळी कोवळी आणि देखणी, मिठाच्या खाणीत राहून कुणाचीही कातडी फुटलेली नाही. पहिल्या भागात जेवताना दिवे जातात आणि कुणीतरी एक पांचट विनोद करतो. इथेही जेवताना दिवे गेले आणि तोच विनोद झाला. तिथे खाणीत उतरायचा पाळणा अर्ध्यात अडकतो, इथेही अडकला. दुसऱ्या भागातली बंदूक आली, चौथ्यातलं अंडं आलं. ज्याला जुने भाग पाठ आहेत त्याने ओळखावं आणि खूश व्हावं, अशी सोय दर पाच मिनिटांनी केलेली. मला सगळे भाग पाठ होते आणि मला आपला अपमान झाल्यासारखं वाटत होतं. माझ्या पुढच्या रांगेतली पोरं दर ओळखीच्या जागी शिट्ट्या मारत होती.

मग त्यांनी त्या वारलेल्या नटीला आणलं. कॉम्प्युटरवर केलेला चेहरा, अगदी तरुणपणीचा. सगळं जागच्या जागी होतं, भुवईवरचा तीळसुद्धा. पण डोळे बघत नव्हते. तोंड हलत होतं आणि कुणाचातरी आवाज त्यातून हिंदीत बोलत होता. मी मान खाली घातली. ज्या बाईच्या काळजीने मी दहाव्या वर्षी रडले होते, तिला असं उभं करून चालवताना बघणं मला जमेना.

आणि शेवटी त्यांनी उत्तर दिलं. जुन्या भागाचा शेवट पुन्हा दाखवला, पण या वेळी दाराच्या पलीकडून. तिचा सोबती केव्हाच मेलेला असतो. ठोकत असतं ते जनावरच. तिला हे कळतं, ती हसते, "मला तेव्हाच माहीत होतं" असं काहीतरी म्हणते, संगीत वाढतं, आणि सगळे तिला शूर म्हणतात. एका मिनिटात आटोपलं. पुढच्या रांगेत टाळ्या पडल्या.

दिवे लागले तरी ती उठेना. "चल," मी म्हटलं. "फसवलं," ती म्हणाली. मला वाटलं, माझ्यासारखीच ती चिडलीय.

थिएटरच्या बाहेर सेवउसळीच्या गाडीपाशी उभी राहून मी तोंडाचा पट्टा सोडला. पाळण्याचं दृश्य जसंच्या तसं उचललंय. अंड्याची काही गरज होती का? मेलेल्या माणसाचा चेहरा असा वापरतात का? प्रश्न न सोडवता ठेवणं हीच पहिल्याची ताकद होती आणि ती यांना कळलीच नाही. गाडीवाला गुजरातीत विचारत होता, तिखट चालेल का, आणि मी त्यालाही धड उत्तर देत नव्हते. ती बशी हातात धरून उभी होती. तिने एक घासही खाल्ला नव्हता.

"खा ना," मी म्हटलं.

"बाई, तिला सोडून दिलं त्यांनी," ती म्हणाली.

"कुणाला?"

"त्या बाईला. सुटली ती. तिचं काहीच चुकलं नाही असं झालं."

परतीच्या जीपमध्ये माणसं दाटीवाटीने बसली होती. तलासरी नाक्यावर उतरलो तेव्हा उन्हं अजून होती. माझी एसटी यायला वेळ होता. चहाच्या टपरीमागे एक बाकडं आहे, तिथे बसून तिने मला त्या रविवारची गोष्ट सांगितली, जी मी इतकी वर्षं एका वाक्यात ओळखत होते. खोली पडली, काकीचा पाय सापडला.

दुपारची वेळ होती. काका बोटीवर कामाला गेलेले, ते दिवाळीनंतर जातात ते पावसापर्यंत येत नाहीत. घरात तिचे आईबाप, ती, तिची तीन भावंडं आणि काकी. जमिनीतून आवाज आला तशी सगळी बाहेर पळाली. नव्या खोलीत असलेली काकी तेवढी राहिली. भिंत पडली, दार चेपून बसलं आणि छपराचा अर्धा भाग लोंबकळत राहिला. पाठोपाठ लहान लहान धक्के येत होते. बाबांनी चारही मुलांना शेतात एका जागी दाबून बसवलं आणि आईचा हात धरून ठेवला. मग आतून आवाज यायला लागला. भांडं दारावर आपटल्याचा.

"तिने तीनदा नाही ठोकलं बाई, तुमच्या गोष्टीसारखं. ती ठोकतच होती. थांबायची, परत ठोकायची."

"मग?"

"मी बाबांना म्हटलं, काकी आहे. बाबा म्हणाले, नाही, जमिनीचा आवाज आहे. आई काही बोलली नाही. मी हाक मारायला तोंड उघडलं तर बाबांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाले, कुणी बोलायचं नाही."

"का पण?"

तिने चहाचा ग्लास बाकड्यावर ठेवला. "बोललो असतो तर जावं लागलं असतं."

शेजारच्या पाड्यावरची माणसं पहार घेऊन आली तोपर्यंत तासभर गेला. काकीला बाहेर काढलं तेव्हा ती शुद्धीवर होती. तिने सगळ्यांकडे बघितलं आणि काही म्हणाली नाही. नंतरही कधी नाही. घरातही कुणी त्या तासाचा विषय काढला नाही. आणि दोन दिवसांनी ही मुलगी शाळेत परत आली, तर त्याच आठवड्यात तिची विज्ञानाची बाई ताडपत्रीखाली उभी राहून टेबलावर ठोकून दाखवत होती.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्हाला कुठे माहीत होतं." ते खरं होतं, पण मला त्याने बरं वाटलं नाही.

"मला वाटायचं, कुठल्यातरी भागात ती दार उघडेल," ती म्हणाली. "नाहीतर निदान म्हणेल की मी नाही उघडलं. ते जनावर होतं असं सांगून मोकळे होतील, असं वाटलं नव्हतं. बाबा झाले तसेच."

माझी एसटी आली. मी ती सोडून दिली आणि आणखी दोन चहा सांगितले.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. ती कारखान्याजवळून बोलत होती, मागे भोंगा वाजत होता. "मी काकीला विचारलं," ती म्हणाली. न्हाणीत अंगावर पाणी घालताना तिने विचारून टाकलं होतं. तू ठोकत होतीस ते आम्ही ऐकलं होतं, तुला माहीत होतं का?

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, आत कुणी येणार नाही ते मला कळत होतं. डोक्यावर छप्पर लोंबत होतं. मी काही बोलवत नव्हते गं तुम्हाला. तुम्ही सगळी जिवंत आहात का, एवढंच विचारत होते. बाहेर काहीच आवाज नाही, तर मला वाटलं सगळी गेली. मी एकटीच उरले. एक हाक तरी द्यायची."

ती पुढे सांगत होती. त्याच दिवशी जेवताना तिने हे बाबांना सांगितलं. बाबा जेवत राहिले. मग म्हणाले, "आवाज जमिनीचा होता." ती ताटावरून उठली, कपडे पिशवीत भरले आणि दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात काम करणाऱ्या तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहायला लागली.

मला वाटलं, बरं झालं. खोटं कशाला सांगू, खरंच वाटलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी बोललं, या आनंदात मी दोन दिवस होते. गोष्टीला गोष्टीसारखा शेवट मिळाला की मी हुरळते, हा माझा दोष जुना आहे. मग तिच्या धाकट्या भावंडांपैकी एक मुलगी, जी आता आमच्याच शाळेत सातवीत आहे, माझ्याकडे आली. "बाई, काकीने तुम्हाला बोलावलंय."

मी एका शनिवारी शाळा सुटल्यावर गेले. काकी अंगणात पाय लांब करून बसली होती आणि सुक्या बोंबलांची डोकी खुडून सुपात टाकत होती. बांधा बारीक, केस बरेच पिकलेले, पण वय माझ्यापेक्षा कमीच असावं. ढासळलेली खोली पुन्हा बांधलेली नव्हती. तिच्या जागी जुन्यासारखी कुडाची भिंत घातली होती.

"तुम्हीच का त्या सिनेमावाल्या बाई?" तिने विचारलं.

"हो."

"पोरीला बोलायला शिकवलंत. चांगलं केलं." तिने आणखी एक डोकं खुडलं. "आता तिला घरी यायला सांगा. मला न्हाणीत कोण नेणार? तिच्या आईची कंबर गेलीय. गेले दहा दिवस मी इथेच अंगणात, साडी धरून, चार तांबे अंगावर घेतेय."

याचा विचार मी केला नव्हता. दोन दिवसांच्या माझ्या त्या आनंदात हे कुठेच नव्हतं.

"तुम्हाला राग नाही?" मी विचारलं. "त्यांचा?"

"आहे ना. का नसेल?" ती सहज म्हणाली. "पण राग घेऊन मी जाऊ कुठे? नवरा आठ महिने पाण्यावर. भाऊजींच्या घरात राहायचं, त्यांच्या हातचं खायचं. आणि त्यांनी चार पोरं धरून ठेवली. एक जरी आत धावलं असतं आणि छप्पर आलं असतं, तर मी काय तोंड दाखवलं असतं?" मग सूप बाजूला सारून म्हणाली, "हाक द्यायला हवी होती. ते आहेच."

मुलीचे वडील तेव्हा अंगणाच्या टोकाला कुऱ्हाडीला नवा दांडा बसवत होते. सगळं त्यांना ऐकू जात असणार. त्यांनी मला चहा घ्यायचा आग्रह केला, मी घेतला. मी निघाले तेव्हा ते रस्त्यापर्यंत सोडायला आले. रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "पोरगी बरी आहे ना?"

"बरी आहे."

"खोलीवर गॅस आहे का?"

"आहे म्हणाली."

ते मान हलवत राहिले. मग एकदम विचारलं, "त्या सिनेमात शेवटी काय निघालं?"

मी गोंधळले. पण खोटं सांगण्यासारखं काही नव्हतं. "जनावर होतं असं दाखवलंय," मी म्हटलं. "माणूस आधीच मेलेला होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोरून एक टेम्पो गेला, त्याची धूळ खाली बसेपर्यंत ते उभे होते. "बरं केलं त्यांनी," ते म्हणाले आणि परत फिरले.

त्या सातव्या भागाबद्दल मी ऐकलेलं एवढं एकच चांगलं मत. त्या शेवटाला मी वापीत भर रस्त्यात नावं ठेवली होती. लबाड, आळशी, सोपा म्हटलं होतं. तो तसा आहेच, यावर मी आजही ठाम आहे. पण तो सोपा शेवट एका माणसाने माझ्या हातून किती हलकेच उचलून घेतला, ते पाहिल्यापासून मला त्यावर जोराने बोलता येत नाही.

मुलीला मी फोन केला. काकीचं सगळं सांगितलं, न्हाणीचं आणि चार तांब्यांचं. वडिलांनी काय विचारलं, ते नाही सांगितलं. सांगायला हवं होतं का, ते मला ठरवता येत नाही. ती रडली, मग चिडली. "म्हणजे मीच परत गप्प बसून घरी जायचं?" तिने विचारलं. मी म्हटलं, तसं मी म्हणत नाही. "मग काय म्हणताय?"

शेवटी तिने तिच्या परीने मधला मार्ग काढला. खोली सोडली नाही. शनिवारी संध्याकाळी घरी येते, रविवारी काकीला न्हाऊ घालते, डोक्याला तेल लावते, दुपारच्या जीपने परत जाते. मधल्या दिवसांसाठी सातवीतल्या बहिणीला शाळेतून घरी जाता यावं म्हणून मी मुख्याध्यापकांशी बोलले. आठवड्यातून दोनदा ते सोडतात. काकी म्हणते, चालतंय. वडिलांशी ती बोलत नाही. तेही बोलत नाहीत.

गेल्या शनिवारी शाळा सुटायला उशीर झाला आणि मी नेहमीपेक्षा उशिराच्या एसटीत होते. त्यांच्या पाड्याच्या फाट्यावर गाडी प्रवासी घ्यायला थांबली तेव्हा खिडकीतून मला ती आणि तिचे वडील दिसले. ती जीपमधून उतरली होती. ते आधीपासून तिथे उभे होते, हातात रॉकेलचा रिकामा कॅन, म्हणजे काही कामाला आलोय असं दिसावं म्हणून असेल. त्यांनी हात पुढे केला. तिने पिशवी दिली. ते पिशवी घेऊन पाड्याच्या वाटेला लागले, आणि ती रस्त्याच्या दुसऱ्या कडेने, त्यांच्या बरोबरीने पण लांबून, चालायला लागली.